मायक्रोप्रोसेसर किटवर नेमकं शिकायचं काय?

इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये टेबलावर एक चपटी पेटी असते. झाकण उघडलं की आत हिरवा बोर्ड, एका कोपऱ्यात कॅल्क्युलेटरसारखी बटणं, वर लाल आकड्यांचा सहा घरांचा डिस्प्ले आणि कडेला दोन-तीन ठिकाणी उभ्या पिनांचे कनेक्टर. कॉलेजात याला नुसतं 'किट' म्हणतात. शेजारच्या कपाटात छोट्या बोर्डांचा ढीग असतो: स्टेपर मोटरचं कार्ड, ट्रॅफिक सिग्नलचं कार्ड, व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या एडीसीचं, आकड्याचा व्होल्टेज करणाऱ्या डीएसीचं. पट्टीसारखी केबल लावून कार्ड किटला जोडायचं, बटणांनी प्रोग्रॅम भरायचा, मोटर फिरली की जर्नलवर सही घ्यायची. बऱ्याच मुलांचं इंटरफेसिंग इथे सुरू होतं आणि इथेच संपतं.

या किटवर बहुतेक वेळा इंटेलची ८०८५ चिप असते. ती १९७६ साली बाजारात आली. तिच्यात ट्रान्झिस्टर साडेसहा हजार. खिशातल्या मोबाइलच्या चिपमध्ये अब्जावधी असतात. मग "सर, हे अजून का शिकायचं?" असं कोणी विचारलं तर त्याला उद्धट ठरवू नये. 'सिलॅबसमध्ये आहे म्हणून' हे उत्तर तर मुळीच देऊ नये. (मंगळावर १९९७ साली उतरलेल्या सोजर्नर गाडीत याच ८०८५ ची सुधारित आवृत्ती होती, हे सांगितलं की वर्ग पाचेक मिनिटं शांत होतो. पण तेही खरं उत्तर नव्हे.)

खरं उत्तर असं, की किट चिप शिकण्यासाठी नसतंच. प्रोसेसर आणि बाहेरचं जग यांची गाठ कुठे पडते आणि कुठे अडते, हे उघड्या डोळ्यांनी बघायला ते असतं. प्रोसेसरला शून्य आणि पाच व्होल्ट, एवढंच कळतं. बाहेर मोटर आहे, खोलीचं तापमान आहे, बटण दाबणारं बोट आहे. या दोन टोकांमधला सगळा उपद्व्याप म्हणजे इंटरफेसिंग.

किट आलं कुठून

अशी किटं मुळात विद्यार्थ्यांसाठी बनलेली नव्हती. चिप नवी होती, ती वापरून कशी बघायची हा कंपन्यांमधल्या इंजिनिअरांचा प्रश्न होता. म्हणून चिप बनवणाऱ्यांनीच छोटे तयार बोर्ड विकायला काढले. मॉस टेक्नॉलॉजी या अमेरिकन कंपनीने १९७६ मध्ये किम-१ आणला: ६५०२ प्रोसेसर, एक किलोबाइट रॅम, २३ बटणं, सहा आकडे, किंमत २४५ डॉलर. इंटेलने ८०८५ साठी एसडीके-८५ काढला. त्यात २४ बटणं, पुन्हा तेच सहा आकडे, आणि रिसेट केलं की डिस्प्लेवर '- ८० ८५'. तैवानच्या मल्टिटेकने १९८१ मध्ये झेड-८० प्रोसेसरचा मायक्रो-प्रोफेसर आणला, तो मात्र थेट शिकवण्यासाठी. हीच मल्टिटेक पुढे एसर झाली. आपल्या लॅबमधली भारतीय किटं दिसायला आणि वागायला एसडीके-८५ च्या घराण्यातली आहेत. बटणांची नावंसुद्धा साधारण तीच.

पेटीत ईप्रॉम नावाची एक मेमरी चिप असते, तिच्यात मॉनिटर नावाचा प्रोग्रॅम कायमचा भरलेला असतो. कुठलं बटण दाबलं ते वाचणं, आकडा डिस्प्लेवर दाखवणं, आपण दिलेला बाइट रॅममध्ये ठेवणं आणि 'गो' म्हटलं की आपल्या प्रोग्रॅमवर उडी मारणं, एवढं काम तो करतो. ऑपरेटिंग सिस्टिम नाही, कंपायलर नाही. मधे कोणीच नसल्यामुळे जे घडतं ते थेट तारांवर दिसतं, आणि म्हणूनच हे किट कामाचं.

नऊ बाइट

सगळ्यात साधा प्रयोग घेऊ. ८२५५ नावाची चिप किटवर असतेच. तिच्याकडे बाहेरच्या जगासाठी २४ तारा आहेत. आठ-आठचे तीन गट, त्यांना पोर्ट ए, बी, सी म्हणतात. पोर्ट ए ला आठ एलईडी जोडलेत आणि एक सोडून एक पेटवायचेत. पोर्टचे पत्ते ०० ते ०३ आहेत असं धरलं तर प्रोग्रॅम एवढाच (आकडे हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पद्धतीत, ९ नंतर ए ते एफ):

३ई ८०, डी३ ०३, ३ई ५५, डी३ ००, ७६.

पहिल्या जोडीने ८० हा आकडा प्रोसेसरच्या ए रजिस्टरमध्ये, म्हणजे आकडा ठेवायच्या आतल्या एका खणात, येतो. दुसरीने तो ०३ या पत्त्यावर, म्हणजे ८२५५ च्या कंट्रोल रजिस्टरला जातो. अर्थ असा, की तिन्ही पोर्ट आउटपुट करा. मग ५५, म्हणजे बायनरीत ०१०१०१०१, पोर्ट ए वर. शेवटचा ७६ म्हणजे थांब.

यातल्या पहिल्या दोन जोड्या गाळून बघा. एलईडी जसे हवेत तसे पेटणार नाहीत. कारण रिसेट झाल्यावर ८२५५ आपले सगळे पोर्ट इनपुट करून बसते. चिप बनवणाऱ्यांनी हे मुद्दाम केलंय: समोर काय जोडलंय हे ठाऊक नसताना एखादी तार पाच व्होल्टला ओढून ठेवली तर दोन्हीकडचे ट्रान्झिस्टर जळू शकतात. मॅन्युअलमध्ये 'कंट्रोल वर्ड ८०' एवढंच छापलेलं असतं आणि मुलं ते पाढ्यासारखं पाठ करतात. मी तर म्हणेन, पहिल्या प्रॅक्टिकलला कंट्रोल वर्डशिवायचाच प्रोग्रॅम द्यावा.

आता पत्त्याची गोष्ट. डेटाच्या आठ तारा प्रोसेसरपासून निघतात आणि मेमरी, ८२५५, कीबोर्डची चिप अशा सगळ्यांच्या दारावरून जातात. हिला बस म्हणतात. चाळीच्या गॅलरीत कोणी "कुलकर्णी!" अशी हाक मारली तर ती सगळ्या खोल्यांत ऐकू जाते, पण दार एकच उघडतं, बसवरही तसंच चालतं. दार कोणी उघडायचं हे ठरवते ७४१३८ ही डिकोडर चिप. पत्त्याच्या वरच्या काही तारा तिच्यात जातात आणि तिच्या आठ आउटपुटपैकी नेमकं एक खाली येतं, म्हणजे ती चिप निवडली गेली.

स्वस्तात काम व्हावं म्हणून बऱ्याच किटमध्ये सगळ्या तारा डिकोडरला दिलेल्या नसतात. समजा पत्त्याची ए२ ही तार कुठेच वापरलेली नाही. मग ०३ च्या जागी ०७ लिहिलं तरी ८२५५ तेवढ्याच मुकाट्याने ऐकते, तिच्या लेखी दोन्ही पत्ते एकच. मॅन्युअल हे सांगत नाही. मुलांना सर्किट डायग्रॅम देऊन 'या पोर्टचे आणखी पत्ते शोधून काढा' असं सांगा. डिकोडिंगवरच्या दोन तासांच्या फळ्यापेक्षा तो अर्धा तास जास्त शिकवतो.

सीआरओ, म्हणजे सिग्नलचा आलेख पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप, मोकळा असेल तर अजून एक करता येतं. वरच्या प्रोग्रॅममधला शेवटचा ७६ काढून तिथे सी३ ०६ २० भरा (प्रोग्रॅम २००० या पत्त्यापासून भरलाय असं धरून; पत्त्याचा खालचा भाग आधी, वरचा नंतर). आता प्रोसेसर पोर्ट ए वर तेच ५५ पुन्हा पुन्हा लिहीत राहतो. सीआरओचा प्रोब प्रोसेसरच्या राइट पिनवर ठेवला की एक सुबक खाच दिसते, साधारण साडेसहा मायक्रोसेकंदांनी पुन्हा पुन्हा. हिशोब जुळतो: लिहायच्या सूचनेला १० क्लॉक (प्रोसेसरचे ठोके), उडीला १०, आणि ३.०७२ मेगाहर्ट्झवर २० क्लॉक म्हणजे ६.५१ मायक्रोसेकंद. सूचनांच्या टेबलात टी-स्टेट म्हणून छापलेले हे ठोके पहिल्यांदा पडद्यावर दिसतात. एकदाच लिहून थांबणारा प्रोग्रॅम असेल तर ती खाच डोळ्याला दिसणारच नाही, म्हणून हा लूप.

मोटर गुणगुणते, फिरत नाही

८२५५ ची पिन जेमतेम काही मिलिअँपिअर देऊ शकते. लॅबमधल्या स्टेपर मोटरच्या एका कॉइलला काहीशे मिलिअँपिअर लागतात. मधे यूएलएन २००३ सारखी ड्रायव्हर चिप लागते, जिच्यात डार्लिंग्टन ट्रान्झिस्टरच्या सात जोड्या आणि त्यांचे डायोड असतात. डायोड कशाला? कॉइलमधला प्रवाह अचानक तोडला की ती उलट बाजूने मोठा व्होल्टेज फेकते. डायोड त्याला वाट करून देतो, नाहीतर ट्रान्झिस्टर जातो. कार्डावर हे सगळं आधीच बसवलेलं असतं, त्यामुळे ते कशासाठी आहे हे विचारायची गरज कोणालाच वाटत नाही. ओरलला विचारा, दहातले आठ जण 'करंट वाढवायला' यापलीकडे जात नाहीत.

मोटर फिरवायचा प्रोग्रॅम मात्र फार सुंदर आहे. ए रजिस्टरमध्ये ३३ घ्यायचा, म्हणजे ००११००११. तो पोर्टवर पाठवायचा, थोडं थांबायचं, मग सगळे बिट एक घर उजवीकडे फिरवायचे. ३३ चे ९९ होतात, मग सीसी, मग ६६, परत ३३. चार कॉइल, त्यातल्या शेजारच्या दोन-दोन क्रमाने चालू होत जातात आणि रोटर एक-एक पाऊल टाकतो. डावीकडे फिरवण्याची सूचना दिली की मोटर उलटी.

मजा त्या 'थोडं थांबायचं' मध्ये आहे. त्यासाठी ठरलेल्या, नुसतं मोजत राहणाऱ्या डिले लूपची एक फेरी २४ क्लॉकची, म्हणजे ७.८ मायक्रोसेकंदांची. लूपला सर्वांत मोठा आकडा, एफएफएफएफ दिला तर साधारण अर्धा सेकंद जातो. १.८ अंशाचं पाऊल असलेल्या मोटरला एका फेरीसाठी २०० पावलं लागतात, तेव्हा फेरी पूर्ण व्हायला १०२ सेकंद. मुलं कंटाळतात आणि आकडा कमी करतात. ०२८० केला की पाऊल पाच मिलिसेकंदांचं, फेरी एका सेकंदात. छान. आता अजून कमी करा, आणखी कमी करा. एका आकड्यानंतर मोटर फिरायची थांबते, जागच्या जागी थरथरते, गुणगुणल्यासारखा आवाज करते.

प्रोग्रॅम बरोबर आहे. वायरिंग बरोबर आहे. पोर्टवर आकडेही बरोबर येताहेत. पण लोखंडाच्या रोटरला वजन आहे, त्याला हलायला वेळ लागतो, आणि तो पुढच्या पावलाला पोचायच्या आत चुंबकीय क्षेत्र पुढे निघून जातं. मग आधी हळू सुरू करून वेग हळूहळू वाढवत न्या. जिथे मोटर थेट सुरू होत नव्हती त्या वेगालाही ती बरेचदा पोचते. थ्री-डी प्रिंटर आणि सीएनसी मशीन मोटरचा वेग टप्प्याटप्प्याने का चढवतात, ते इथे हाताने कळतं. सिम्युलेटरवरची साधी मोटर सहसा थरथरत नाही.

तापमान विचारायचं, पण थांबून

मला स्वतःला सगळ्यात आवडतं ते एडीसीचं कार्ड. एडीसी ०८०९ ही चिप शून्य ते पाच व्होल्टमधला व्होल्टेज घेते आणि ० ते २५५ मधला आकडा देते. म्हणजे एक आकडा साधारण १९.५ मिलिव्होल्टचा. तिला 'सुरू कर' असा पल्स द्यायचा, ती मोजते, मोजून झालं की ईओसी नावाची पिन वर करते, मग आपण आकडा वाचायचा. ६४० किलोहर्ट्झच्या क्लॉकवर या मोजणीला सुमारे १०० मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्यात ८०८५ च्या तीस-चाळीस सूचना पार पडतात.

न थांबता लगेच वाचलं तर काय होतं? आकडा येतो, पण तो मागच्या मोजणीचा. हा दोष फार लबाड आहे. खोलीचं तापमान हळू बदलतं, त्यामुळे आकडा ठीकच दिसतो आणि जर्नलवर सही होऊन जाते. सेन्सरऐवजी पोटेन्शिओमीटर (फिरवला की व्होल्टेज बदलणारा रेझिस्टर) लावून तो झटकन फिरवला तरच आकडा एक पाऊल मागे चालतोय हे लक्षात येतं.

हुशार मुलं म्हणतात, ईओसी वर येईपर्यंत लूपमध्ये थांबू. तेही करून बघावं, कारण त्यातही मेख आहे. मोजणी सुरू केल्याबरोबर ईओसी लगेच खाली येत नाही. आठ क्लॉक आणि वर दोन मायक्रोसेकंद, म्हणजे ६४० किलोहर्ट्झवर साडेचौदा मायक्रोसेकंदांपर्यंत वेळ जाऊ शकतो. प्रोग्रॅमने त्याआधीच बघितलं तर त्याला मागच्या वेळची वर असलेली पिन दिसते. झालंच वाटून तो पुन्हा जुनाच आकडा घेऊन मोकळा होतो. आधी पिन खाली जायची वाट बघायची, मग वर यायची. डेटाशीट का वाचायची याचं याहून चांगलं उदाहरण मला अजून सापडलेलं नाही.

आता तिला एलएम ३५ हा तापमानाचा सेन्सर जोडा. तो दर अंश सेल्सियसला १० मिलिव्होल्ट देतो. खोलीत ३० अंश असतील तर ३०० मिलिव्होल्ट, भागिले १९.५ केले की पंधरा. डिस्प्लेवर ०एफ. हात लावून तापमान एका अंशाने वाढवलं तरी आकडा हलेलच असं नाही, कारण एका आकड्यात जवळपास दोन अंश बसतात. मधे ऑप-अँप ही सिग्नल वाढवणारी चिप लावून व्होल्टेज दुप्पट केला की ६०० मिलिव्होल्ट होतात आणि डिस्प्लेवर १ई किंवा १एफ येतो, म्हणजे तीस-एकतीस. आता एका अंशाला साधारण एक आकडा. प्रोग्रॅममध्ये कितीही गुणाकार केले असते तरी हे साधलं नसतं. जी माहिती चिपमध्ये शिरलीच नाही ती नंतर कुठून आणणार?

"सर, आउटपुट येत नाहीये"

लॅबमध्ये हे वाक्य सगळ्यात जास्त ऐकू येतं. त्यावर पहिला प्रश्न, "केबल नीट बघितलीस का?" किट आणि कार्ड यांच्यामधल्या पट्टीच्या केबलला एफआरसी म्हणतात. तिच्या एका कडेला लाल रेघ असते, ती पिन नंबर एकची बाजू. कनेक्टरची खाच तुटलेली असेल तर केबल उलटी बसते, आणि त्याच कनेक्टरवर पाच व्होल्ट आणि ग्राउंडही असतील तर कार्डाला उलटा सप्लाय जातो. म्हणून पॉवर बंद करूनच केबल लावायची. मग मल्टिमीटरने कार्डावर खरंच पाच व्होल्ट पोचलेत का बघायचं. त्यानंतर कंट्रोल वर्ड. प्रोग्रॅमचे बाइट सगळ्यात शेवटी. मुलं बरोबर उलट्या क्रमाने जातात: तासभर प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा भरतात आणि शेवटी केबल हलवतात.

कॉलेजसाठी किट निवडायचं असेल तर माझा कौल साध्या, उघड्या बोर्डाला. चिपा सॉकेटमध्ये बसवलेल्या हव्यात, म्हणजे ८२५५ गेली तर काढून नवी घालता येते. सोल्डर केलेली असेल तर अख्खं किट कपाटात पडून राहतं. पत्ता, डेटा, रीड, राइट या तारांवर प्रोब लावायला पिना हव्यात. पूर्ण सर्किट डायग्रॅम हवा, नुसता चौकोनांचा नकाशा नको. शेजारी सोल्डरशिवाय सर्किट जोडायचा छोटा ब्रेडबोर्ड असेल तर सोन्याहून पिवळं, कारण ड्रायव्हरचं सर्किट स्वतः लावलं तरच ते समजतं. पन्नास तयार कार्डांचा संच दिसायला भारी आणि इन्स्पेक्शनला उपयोगी; शिकायला त्यातली चार पुरतात. रिलेच्या (विजेने चालणाऱ्या स्विचच्या) कार्डावर मात्र २३० व्होल्ट आणू नयेत. बारा व्होल्टचा दिवा लावूनही रिले तितकीच शिकवते.

मग आर्डुइनो या तयार छोट्या बोर्डाचं काय? इटलीतल्या इव्रिया गावात २००५ मध्ये तो सुरू झाला, तोही शिकणाऱ्यांसाठीच, आणि प्रोजेक्ट करायला त्याच्यासारखं दुसरं नाही. वर सांगितलेल्या सगळ्या कटकटी त्याने आत लपवल्या, एवढंच. आर्डुइनो उनोवर अ‍ॅनालॉग व्होल्टेज वाचायला एक ओळ लागते, पण त्या ओळीलाही सुमारे १०० मायक्रोसेकंदच लागतात. थांबणं तिथेही आहे. ते फंक्शनच्या पोटात गेलंय. किटवर ईओसीशी झगडलेल्या मुलाला ते दिसतं. आधी किट की आधी आर्डुइनो, या वादात मी पडत नाही. डिप्लोमाला आलेल्या मुलाने शाळेत आर्डुइनो हाताळला असेल तर उत्तमच, मग किट त्याला त्याच प्रश्नांची आतली बाजू दाखवतं. सूचना आणि रजिस्टर शिकायला सिम्युलेटरही पुरेसा आहे. त्यासाठी लॅबचा वेळ घालवूच नये.

आणि पुढे जायचं असेल तर ८०८५ लाच चिकटून राहायचं कारण नाही. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने रिस्क-फाइव्ह या खुल्या प्रोसेसर-रचनेवर आधारित वेगा प्रोसेसर बनवलेत, त्यातल्या तेजस-३२ चिपचे एरीज नावाचे बोर्ड मिळतात. बाजारात स्वस्त ईएसपी-३२ बोर्ड तर आहेच. ईएसपी-३२ च्या पिना ३.३ व्होल्टच्या असतात आणि अंतर मोजणारा एचसी-एसआर०४ सेन्सर पाच व्होल्टचा सिग्नल परत पाठवतो. तो थेट जोडू नका. एक किलोओहम आणि दोन किलोओहम असे दोन रेझिस्टर ओळीने लावा, दोन किलोओहमचं टोक ग्राउंडला, आणि मधल्या जोडावरून सिग्नल घ्या, पाचाचे ३.३ होतात. मल्टिमीटरने आधी मोजा, मग पिनला लावा.